अमेरिकेत मास्टर्स, लॉ, मेडिकलसाठी सरकारी कर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत पदव्युत्तर प्रवेशाचं पत्र आलं की आनंदाच्या पाठोपाठ फीचा आकडा येतो, आणि मग फोन सुरू होतात. "दादाच्या वेळी सगळं कर्ज सरकारकडूनच मिळालं होतं ना?" मिळालं होतं, पण ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने पदव्युत्तर कर्जाचे नियम मुळापासून बदलले आणि ते १ जुलै २०२६ पासून लागू झाले. थोरल्याच्या अनुभवावर धाकटीचं बजेट मांडलं तर दुसऱ्या सेमिस्टरलाच ओढाताण होईल. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर देत आहे.

हे कर्ज नेमकं कोणाला मिळतं?

अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. निर्वासित किंवा आश्रय मिळालेल्यांसारखे आणखी काही गट आहेत, पण आपल्या लोकांपैकी बहुतेक जण पहिल्या दोनांतच बसतात. सशर्त, म्हणजे दोन वर्षांचं ग्रीन कार्ड असलं तरी चालतं. कोर्स मान्यताप्राप्त हवा, आणि विद्यार्थी किमान अर्धवेळ शिकत असायला हवा.

एफ-१ वर आलेल्या विद्यार्थ्याला हे कर्ज मिळत नाही. एच-१बी आणि एच-४ वरच्यांनाही नाही. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, हातात कामाचा परवाना आहे, तरीही नाही. कार्ड प्रत्यक्ष मंजूर व्हावं लागतं.

मुलगी तीन वर्षांची असल्यापासून इथे आहे, सगळी शाळा इथेच झाली. तरीही नाही?

नाही. हे उत्तर देताना दरवेळी वाईट वाटतं. आईवडील दशकभर कर भरतात, मुलगी इथल्या शाळेत पहिली येते, पण ग्रीन कार्डची रांग लांब असल्यामुळे ती एच-४ वरच राहते आणि एकविसाव्या वर्षी त्यातूनही बाहेर पडते. फेडरल कर्जाच्या नियमात किती वर्षं इथे राहिलात याला महत्त्व नाही, आज कोणता दर्जा आहे याला आहे. शिकत असताना मधेच ग्रीन कार्ड मंजूर झालं, तर मात्र त्याच आठवड्यात कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवा. पुढच्या सेमिस्टरची वाट पाहत बसू नका. ग्रीन कार्डमुळे सरकारी विद्यापीठात त्या राज्यातल्या रहिवाशांची कमी फी लागू होण्याचा मार्गही अनेकदा मोकळा होतो, आणि ती बचत कधीकधी कर्जापेक्षा मोठी असते.

आम्हा दोघांचा पगार चांगला आहे. अर्ज करून काय उपयोग?

हा गैरसमज आपल्यात फार घट्ट रुजला आहे. बारावीनंतरच्या वेळी फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरला, पदरात काही पडलं नाही, म्हणून आता कोणी तो भरतच नाही. पण पदव्युत्तर विद्यार्थी फॅफ्सामध्ये आपोआप स्वतंत्र धरला जातो. तो घरी राहत असो, बाबांच्या विम्यावर असो, आईवडिलांचं उत्पन्न विचारलं जात नाही. विचारलं जातं ते विद्यार्थ्याचं आणि लग्न झालं असेल तर जोडीदाराचं. शिवाय डायरेक्ट अनसब्सिडाइज्ड, म्हणजे व्याजात सवलत नसलेलं, सरकारी कर्ज गरज पाहून दिलंच जात नाही. पात्र विद्यार्थ्याला ते श्रीमंत घरातला असला तरी मिळतं. काही मेडिकल कॉलेजं आपल्या खास कमी व्याजाच्या कर्जांसाठी पालकांची माहिती मागतात, तेवढा अपवाद.

फॅफ्सा भरायला एक पैसाही लागत नाही. तो भरून देण्यासाठी कोणी फी मागत असेल तर तिथून उठा.

किती कर्ज मिळतं?

आधी जुनी पद्धत, म्हणजे नवी कळेल. २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन दारं होती. पहिलं अनसब्सिडाइज्ड कर्जाचं, वर्षाला २०,५०० डॉलर. दुसरं ग्रॅड प्लसचं. त्याला ठरावीक रकमेची मर्यादाच नव्हती. कॉलेजने फी, घरभाडं, जेवण, पुस्तकं धरून जो वर्षाचा खर्च जाहीर केला असेल, त्यातून इतर मदत वजा करून उरलेलं सगळं कर्जाऊ मिळायचं. क्रेडिट, म्हणजे कर्जफेडीची पत, अगदीच खराब नसलं की झालं. ऋण काढून सण करण्याची पूर्ण सोय होती, आणि कॉलेजांनाही फी वाढवताना फारसा विचार करावा लागत नव्हता.

१ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी हे दुसरं दार बंद झालं. आता सर्वसाधारण पदव्युत्तर कोर्सला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर. "प्रोफेशनल" गणल्या जाणाऱ्या कोर्सला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. या एकूण मर्यादांत पदवीच्या वेळचं कर्ज धरत नाहीत. पण सगळं मिळून आयुष्यभराची एक वेगळी मर्यादा आहे, २,५७,५०० डॉलर, तिच्यात ते धरलं जातं. फेडलेली रक्कम तिच्यातून वजा होत नाही, एकदा घेतलं की ते कायम मोजलं जातं. आधी मास्टर्सला ४० हजार घेतले आणि नंतर लॉ केलं, तर २ लाखांतून ते ४० हजार कापले जातात.

एखाद्या कोर्ससाठी याहून कमी मर्यादा ठरवण्याची मुभाही कॉलेजला आहे. त्यामुळे प्रवेश स्वीकारण्याआधी विचारा : "या कोर्सला तुम्ही वर्षाला जास्तीत जास्त किती फेडरल कर्ज मंजूर करता?" उत्तर ईमेलवर घ्या.

"प्रोफेशनल"मध्ये एमबीए येतं का? नर्सिंग?

दोन्ही नाहीत. शिक्षण खात्याच्या नियमांत पूर्वीपासून जी यादी आहे तिच्यात मेडिसिन, ऑस्टिओपॅथी, दंतवैद्यक, फार्मसी, पशुवैद्यक, ऑप्टोमेट्री, पोडियाट्री, कायरोप्रॅक्टिक, लॉ आणि धर्मशास्त्र एवढंच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम ठरवणाऱ्या समितीने तिच्यात क्लिनिकल सायकॉलॉजीची भर घातली. नर्सिंग, पब्लिक हेल्थ, सोशल वर्क, आर्किटेक्चर, कॉम्प्युटर सायन्समधलं एमएस, एमबीए हे सगळं वर्षाला २०,५००च्या रांगेत. नर्सिंगच्या संघटनांनी यावर मोठा आवाज उठवला, आणि माझ्या मते तो रास्त आहे. नर्स प्रॅक्टिशनर होऊ पाहणाऱ्या बाईचं शिक्षण व्यावसायिक नाही असं म्हणणं पटण्यासारखं नाही. पण बजेट करताना आज लागू असलेला नियमच धरायला हवा.

मुलगा आधीच शिकतोय. त्याचं काय?

३० जून २०२६ रोजी तो त्या कोर्सला दाखल होता आणि त्याच कोर्ससाठी त्याआधी फेडरल कर्ज घेतलं होतं, तर जुन्या मर्यादा, म्हणजे ग्रॅड प्लससुद्धा, चालू राहतात. पण कायमच्या नाहीत. तीन शैक्षणिक वर्षं किंवा कोर्सचा उरलेला काळ, यांतलं जे कमी असेल तेवढंच. कॉलेज किंवा कोर्स बदलायचा विचार असेल तर आधी एड ऑफिसशी बोला, कारण बदलामुळे हे संरक्षण जाऊ शकतं.

व्याज किती आणि केव्हापासून?

पैसे कॉलेजकडे गेले त्या दिवसापासून. पदवीच्या वेळी काही कर्जांवर शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. पदव्युत्तरला ती सवलत १ जुलै २०१२ पासून नाही. इथे अनेक घरं फसतात, कारण "शिकताना हप्ता नाही" याचा अर्थ "शिकताना व्याज नाही" असा लावला जातो.

२०२५-२६ मध्ये दिलेल्या पदव्युत्तर अनसब्सिडाइज्ड कर्जाचा दर ७.९४ टक्के होता, त्याआधीच्या वर्षी ८.०८. दर वर्षी मे महिन्यात सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्याचा लिलाव होतो. त्याच्या दरात ३.६ टक्के मिळवून पुढच्या वर्षाचा दर ठरतो, आणि कायद्याने तो ९.५च्या वर जाऊ शकत नाही. घेतलेल्या कर्जाचा दर मात्र शेवटपर्यंत तोच राहतो. म्हणजे दोन वर्षांच्या कोर्सला दोन वेगवेगळ्या दरांची दोन कर्जं होतात.

७.९४ टक्क्यांनी २०,५०० डॉलरवर वर्षाचं व्याज सुमारे १,६२८ डॉलर, रोजचे साधारण साडेचार डॉलर. शिकत असतानाच दरमहा त्या महिन्याचं व्याज भरत गेलात तर पदवी मिळते तेव्हा मुद्दल जिथल्या तिथे असतं. सक्ती नाही, पण आईवडिलांना मुलाला मदत करायची असेल तर ही सगळ्यात चांगली जागा आहे. एकरकमी फी भरून निवृत्तीची गंगाजळी रिकामी करण्यापेक्षा महिन्याचं व्याज उचलणं कितीतरी शहाणपणाचं.

मंजूर झालेली सगळी रक्कम हातात येते का?

नाही. आधी सरकार आपलं शुल्क कापतं, अनसब्सिडाइज्ड कर्जावर १.०५७ टक्के. २०,५०० मंजूर झाले तर सुमारे २०,२८३ पोचतात. हे पैसे सेमिस्टरप्रमाणे, साधारण दोन हप्त्यांत, थेट कॉलेजकडे जातात. कॉलेज फी वळती करून घेतं आणि काही उरलं तर चौदा दिवसांच्या आत विद्यार्थ्याला देतं. त्या उरलेल्या पैशांत भाडं आणि वाणसामान. सेमिस्टर सुरू होण्याआधीचं भाडं आणि डिपॉझिट त्यांतून निघत नाही, तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवा.

आता कॉलेजच्या संकेतस्थळावरचं ते "अवॉर्ड"चं पान नीट बघा. वर एक शिष्यवृत्ती, ८ हजार. खाली "अनसब्सिडाइज्ड", २०,५००. त्याखाली बेरीज, २८,५००. पान असं दिसतं की जणू सगळीच भेट आहे. त्यातले ८ हजार तुमचे, बाकीचे परत करायचे. "ॲक्सेप्ट"च्या बटणाशेजारी रक्कम बदलायची सोय असते, तिथे गरजेपुरताच आकडा भरा. पुढे कमी पडलं तर त्याच वर्षात पुन्हा मागता येतं. जास्त घेतलं गेलंच, तर पैसे मिळाल्यापासून १२० दिवसांत परत केल्यास त्या रकमेवरचं व्याज आणि शुल्क दोन्ही रद्द होतं. हे फारच थोड्यांना माहीत असतं.

कामाला जाऊन संध्याकाळचा कोर्स करायचा आहे. पूर्ण कर्ज मिळेल?

हा प्रश्न बहुतेक वेळा बायका विचारतात. एच-४ वर घरी बसून वर्षं गेली, आता ग्रीन कार्ड आलं, मुलं शाळेत जायला लागली, मास्टर्स करायचंय. जरूर करा. पण १ जुलै २०२६ पासून पूर्णवेळेपेक्षा कमी क्रेडिट घेतले तर वर्षाची मर्यादा त्या प्रमाणात उतरते. तुमच्या कोर्सला ९ क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ असेल आणि तुम्ही दोन्ही सेमिस्टरला ६ घेतले, तर २०,५००च्या दोन तृतीयांश, म्हणजे १३,६०० डॉलरच्या आसपास. अर्धवेळेच्या खाली गेलात तर कर्जच नाही, आणि शेवटच्या सेमिस्टरला एकच विषय उरला असेल तेव्हा हे आठवणीत ठेवायला हवं.

नोकरीच्या ठिकाणी विचारून पाहा. कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचा शिक्षणखर्च करमुक्त देऊ शकते, बऱ्याच कंपन्या देतातही, आणि बरेच मराठी कर्मचारी तो मागतच नाहीत. तोच पैसा आधीच्या शैक्षणिक कर्जाच्या फेडीसाठीही कंपनी देऊ शकते.

एवढ्याने भागत नाही. खासगी कर्ज घ्यावं का? काका सही करायला तयार आहेत.

आधी कर्जाशिवायचे रस्ते संपवा. पीएचडी असेल तर फी माफ आणि वर स्टायपेंड मिळणं ही चांगल्या विद्यापीठांत सर्रास पद्धत आहे. स्वतः फी भरून पीएचडीला जाण्याआधी दहादा विचार करा. मास्टर्सला टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप विभागाकडून मिळते, एड ऑफिसकडून नाही, म्हणून प्राध्यापकांना थेट लिहावं लागतं. दोन कॉलेजांची पत्रं हातात असतील तर दुसरीकडचा आकडा दाखवून पहिल्याकडे शिष्यवृत्ती वाढवून मागायला लाजू नका. पदव्युत्तर प्रवेशात ही घासाघीस मान्य आहे.

एवढं करूनही कमी पडलं तर खासगी कर्ज. त्याचा दर क्रेडिट पाहून ठरतो, आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाचं क्रेडिट कितीसं असणार? म्हणून सहकर्जदार मागतात. काकांनी सही केली म्हणजे ते जामीनदार नुसते नावापुरते राहत नाहीत, ते स्वतः कर्जदार होतात. मुलाने हप्ता चुकवला तर तो काकांच्या क्रेडिटवर दिसतो, आणि काकांना घर घ्यायचं असेल तर बँक हे कर्ज त्यांच्या नावावर धरते. नात्यात हे आधी स्पष्ट बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो, नंतर मात्र बोलणंच बंद होतं. बोला, आणि काकूंना समोर बसवून बोला.

फेडरल कर्जाला सहकर्जदार लागत नाही. कर्ज घेणारा दुर्दैवाने दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर ते माफ होतं. उत्पन्नाप्रमाणे हप्ता ठरवून मिळतो. खासगी कर्जात यांतलं काय मिळेल हे प्रत्येक सावकाराच्या करारावर अवलंबून असतं. म्हणून क्रम नेहमी एकच : फेडरलची मर्यादा संपल्याशिवाय खासगीला हात लावायचा नाही. आणि पुढे कमी व्याजाच्या मोहात फेडरल कर्ज खासगीत वळवलं, तर ते परत फेडरलमध्ये आणता येत नाही.

फेड कशी असते?

शिक्षण संपल्यावर सहा महिने मोकळीक, मग हप्ते. १ जुलै २०२६ नंतरच्या कर्जाला दोनच योजना आहेत.

पहिली ठरावीक हप्त्याची. मुदत कर्जाच्या आकारावरून ठरते : २५ हजारांच्या आत १० वर्षं, ५० हजारांच्या आत १५, १ लाखाच्या आत २०, त्यावर २५. ४१ हजारांचं कर्ज ७.९४ टक्क्यांनी घेऊन पाहू. शिकतानाचं व्याज बाजूला ठेवलं तरी १५ वर्षांत हप्ता बसतो सुमारे ३९० डॉलर आणि एकूण जातात ७० हजारांच्या वर. तेच १० वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे ४९६ आणि एकूण ५९,५०० च्या आसपास. फरक साधारण १०,७०० डॉलरचा. आधी फेडल्याबद्दल दंड नाही, त्यामुळे योजना १५ वर्षांची असली तरी हप्ता १० वर्षांचा भरायला कोणी अडवत नाही.

दुसरी उत्पन्नावर आधारित, तिला रॅप म्हणतात. करपत्रकातल्या समायोजित उत्पन्नाच्या १ ते १० टक्के. दर दहा हजारांच्या पायरीला एक टक्का चढतो, आणि प्रत्येक अवलंबित मुलामागे महिन्याला ५० डॉलर कमी होतात. ६५ हजार उत्पन्न असेल तर ६ टक्के, म्हणजे महिन्याला ३२५, एक मूल असेल तर २७५. हप्ता व्याजालाही पुरत नसेल तर राहिलेलं व्याज माफ होतं, ही या योजनेची खरी ताकद आहे. कमकुवत बाजू मुदतीची : उरलेलं कर्ज माफ व्हायला ३० वर्षं लागतात, आणि २०२६ पासून अशा माफ झालेल्या रकमेवर फेडरल आयकरही लागतो. पायऱ्यांवरही नजर ठेवा. ७० हजारांवर वर्षाला ४,२०० डॉलर, आणि उत्पन्न एका डॉलरने वर गेलं की ४,९००. निवृत्ती खात्यात थोडी जास्त रक्कम टाकून पायरीच्या खाली राहता येतं.

नवरा-बायको दोघं कमावते असतील आणि कर एकत्र भरत असतील तर दोघांचं उत्पन्न धरलं जातं. वेगळे भरले तर फक्त कर्जदाराचं, पण त्यात काही कर सवलती जातात. दोन्ही हिशेब मांडूनच ठरवा.

सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत नोकरी केली तर कर्ज माफ होतं म्हणतात. खरं?

खरं आहे. २००७ च्या कायद्याने आलेली ही योजना अजून चालू आहे. सरकारी खातं, सरकारी शाळा, ना-नफा रुग्णालय अशा ठिकाणी पूर्णवेळ काम करत पात्र योजनेखाली १२० मासिक हप्ते भरले की उरलेलं माफ, आणि या माफीवर फेडरल आयकर नाही. रॅपखालचे हप्ते यात धरले जातात. दर वर्षी नोकरी देणाऱ्याकडून फॉर्म प्रमाणित करून ठेवा. दहा वर्षांनी बंद पडलेल्या विभागाची सही शोधत फिरण्यापेक्षा ते सोपं.

मुलगी मेडिकलला चाललीय. २ लाखांत होईल?

बहुतेक खासगी कॉलेजांत नाही. चार वर्षांचा सगळा खर्च ३ लाखांच्या पुढे सहज जातो, आणि पूर्वी ती दरी ग्रॅड प्लस भरून काढायचं. आता आपल्याच राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजचा पर्याय नावासाठी सोडू नका. कॉलेजच्या स्वतःच्या कर्जनिधीबद्दल विचारा. डॉक्टर कमी असलेल्या भागात सेवा देण्याच्या बदल्यात खर्च उचलणारी नॅशनल हेल्थ सर्व्हिस कॉर्प्सची शिष्यवृत्ती आहे. सैन्यदलांचीही एक योजना पूर्ण फी भरते, बदल्यात सेवेची वर्षं मागते. या दोन्हींना नागरिकत्व लागतं. रेसिडेन्सी, म्हणजे मेडिकलनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, बहुधा ना-नफा रुग्णालयात होते. त्या काळात पगार कमी असल्यामुळे रॅपचा हप्ता कमी बसतो आणि ते हप्ते १२०च्या मोजणीत येतात. म्हणून रेसिडेन्सीच्या पहिल्याच वर्षी हप्ते सुरू करा.

पुण्याला परत गेलो तर?

कर्ज बरोबर येतं. हप्ते भारतातूनही भरता येतात. रुपयांत पगार आणि डॉलरमध्ये हप्ता हे गणित मात्र जड जातं. नागरिक भारतात राहिला तरी त्याला अमेरिकेचं करपत्रक भरावं लागतं आणि रॅपचा हप्ता त्यावरूनच ठरतो. पत्ता, फोन, ईमेल सर्व्हिसरकडे बदलून ठेवा. सर्व्हिसर म्हणजे सरकारच्या वतीने हप्ते गोळा करणारी कंपनी.

हप्ता भरणं जमलंच नाही तर?

पहिला हप्ता चुकण्याआधी सर्व्हिसरला फोन करा आणि रॅपमध्ये जा. उत्पन्न १० हजारांच्या आत असेल तर हप्ता फक्त १० डॉलरचा असतो. पूर्वी नोकरी गेली की हप्ते पुढे ढकलायची वेगळी सोय होती, पण १ जुलै २०२७ पासून घेतलेल्या कर्जांना ती नसेल. तात्पुरती स्थगितीसुद्धा दर २४ महिन्यांत ९ महिन्यांपेक्षा जास्त मिळणार नाही. नव्वद दिवस थकलं की क्रेडिटवर नोंद होते, २७० दिवस थकलं की कर्ज बुडीत ठरतं. मग कराचा परतावा अडवायचा आणि कोर्टात न जाता पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापून घ्यायचा अधिकार सरकारला आहे. दिवाळखोरीतही हे कर्ज सहजी सुटत नाही. लाजेपोटी पत्रं न उघडता टेबलावर साठत जातात, आणि २७० दिवस तसेच निघून जातात. तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याच्या शेजारी बसून ती पत्रं उघडा आणि त्याच्याबरोबर फोन लावा.